फॅनीबाईंचं नाव मतदारयादीत कसं लागलं

अमेरिका म्हटलं की डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. आज आम्ही सांगणार आहोत ती अमेरिका कापसाच्या रानातली आहे. त्या देशाच्या दक्षिणेला मिसिसिपी नावाचं राज्य आहे. त्या राज्यात एक सनफ्लॉवर काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखा कारभाराचा भाग समजा. सनफ्लॉवर म्हणजे सूर्यफूल, पण पीक सगळं कापसाचं. साठ वर्षांपूर्वी तिथल्या दर तीन माणसांमागे दोन कृष्णवर्णीय होती, पूर्वीच्या गुलामांची नातवंडं-पतवंडं. जमिनी गोऱ्यांच्या आणि कापूस वेचणारे हात काळे.

तिथल्या फॅनी लू हेमर या शेतमजूर बाईंची ही हकिगत. गटांमध्ये सांगता सांगता आम्ही त्यांना फॅनीबाईच म्हणायला लागलो, तसंच इथंही म्हणतो.

फॅनीबाई ६ ऑक्टोबर १९१७ रोजी जन्मल्या. वीस भावंडांतलं हे शेवटचं लेकरू. आईबाप बटईने शेती करायचे. बटईचा हिशेब आपल्याला समजावून सांगायला नको. निम्मं पीक मालकाचं, वर्षभराचा किराणा मालकाच्याच दुकानातून उधारीवर, आणि हंगाम संपला की त्याच्या वहीत काहीतरी बाकी निघतेच. पोर सहा वर्षांची झाली तेव्हा मालकाने विचारलं, कापूस वेचशील का? आठवड्यात तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलो वेचलास तर दुकानातला खाऊ देईन. पोरीने वेचला, खाऊ मिळाला. पुढच्या आठवड्यात वजन दुप्पट झालं, आणि मग ते वाढतच गेलं. त्या खाऊने आपल्याला सापळ्यात अडकवलं, असं फॅनीबाई पुढे सांगत. आपल्याकडे ऊसतोडीची उचल घेतलेल्यांना ही चाल ओळखू येईल.

शाळा थोडीच झाली, पण लिहिता-वाचता यायला लागलं. लग्नानंतर नवरा-बायको रूलव्हिल गावाजवळच्या एका मोठ्या मळ्यावर राहायला आले. फॅनीबाईंना लिहिता येत होतं म्हणून मालकाने त्यांना मजुरांची हजेरी मांडायला ठेवलं. अठरा वर्षं त्या मळ्यावर गेली. १९६१ मध्ये पोटातली गाठ काढायला त्या दवाखान्यात गेल्या, तर डॉक्टरने न विचारता गर्भाशयच काढून टाकलं. गरीब काळ्या बायकांच्या बाबतीत हे तिथं इतकं सर्रास चालायचं, की ‘मिसिसिपीचं अपेंडिक्स’ असं त्याला नावच पडलं होतं.

ऑगस्ट १९६२ मध्ये गावातल्या चर्चमध्ये एक सभा झाली. शिकलेली तरुण पोरं बाहेरून आली होती, मतदारनोंदणीचं काम करणारी. त्यांनी सांगितलं, तुम्हाला मत देता येतं. फॅनीबाई तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. काळ्या माणसाला नाव नोंदवता येतं हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. नाव कोण नोंदवणार असं विचारल्यावर त्यांनी हात वर केला.

३१ ऑगस्टला अठराजण एका जुन्या बसने इंडियानोलाच्या कचेरीत गेले. दारात पोलीस उभे. एका वेळी दोघांनाच आत सोडत होते. आत एक लांबलचक अर्ज भरायचा. त्यात नाव, पत्ता आणि ‘तुम्ही कोणाकडे कामाला आहात’ हाही प्रश्न. हा प्रश्न कशाला असेल, ते ध्यानात येतंय ना? त्याच वर्षी राज्याने कायदा केला होता, की नोंदणीसाठी अर्ज केलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापायची. म्हणजे कोणाच्या मळ्यावरची कोण बाई कचेरीत गेली ते सगळ्यांना कळलंच पाहिजे. अर्जानंतर परीक्षा. राज्याच्या घटनेतलं एक कलम उतरवून काढायचं आणि त्याचा अर्थ लिहायचा. फॅनीबाईंच्या वाट्याला कायद्याच्या पुस्तकातला असा काही भाग आला, की वकिलानेही डोकं खाजवावं. घोड्याला नाताळ जेवढा कळतो तेवढंच मला ते कळलं, असं त्या पुढे हसत सांगायच्या. बरोबर-चूक ठरवणार तो गोरा अधिकारी एकटा, वर दाद मागायची सोय नाही. सगळे नापास झाले.

परतीच्या वाटेवर पोलिसांनी बस अडवली. गुन्हा काय, तर बसचा पिवळा रंग शाळेच्या बससारखा दिसतो. शंभर डॉलर दंड सांगितला, घासाघीस होऊन तीसवर आला, आणि सगळ्यांनी पैसे गोळा करून भरला. बसमध्ये लोक घाबरून गेले होते. तेव्हा मागच्या सीटवरून फॅनीबाईंनी चर्चमधली गाणी म्हणायला सुरुवात केली.

घरी पोचण्याआधी बातमी मळ्यावर पोचली होती. मालक म्हणाला, अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो. फॅनीबाईंनी सांगितलं, मी तिथं माझ्यासाठी गेले होते, तुमच्यासाठी नाही. त्याच रात्री त्या बाहेर पडल्या. नवऱ्याला मात्र हंगाम संपेपर्यंत मळ्यावरच राहावं लागलं. १० सप्टेंबरच्या रात्री, ज्या घरी त्या उतरत होत्या त्या घरावर सोळा गोळ्या झाडल्या गेल्या.

ही हकिगत आम्ही जिथं जिथं सांगितली तिथं एक प्रश्न हमखास आला: “पण मग त्यांचं वरचं सरकार काय करत होतं?” प्रश्न अगदी नेमका आहे, आणि त्याचं उत्तर त्या देशाच्या घडणीतच आहे.

आपल्याकडे गट आहे, गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ. आठवड्याला किती बचत ठेवायची ते गट ठरवतो, प्रभागसंघ त्यात बोलत नाही. आता समजा एखाद्या गटाने ठरवलं, की अमक्या वस्तीतल्या बायकांना सभासद करून घ्यायचंच नाही. प्रभागसंघाने हा गटाचा अंतर्गत मामला म्हणून गप्प बसायचं, की मध्ये पडायचं? अमेरिकेतला दोनशे वर्षांचा वाद हाच आहे.

तिथं आधी तेरा राज्यं होती, आणि त्यांनी एकत्र येऊन १७८७ मध्ये केंद्राची घटना लिहिली. जे अधिकार केंद्राला दिले नाहीत ते राज्यांकडेच राहतील, असं १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीत लिहिलं गेलं. मत कोणाला द्यायचं, हेसुद्धा राज्यांवर सोडलं होतं. त्याच १७९१ मध्ये नागरिकांच्या स्वातंत्र्याची सनद आली. सरकारने बोलण्यावर, छापण्यावर, धर्मावर, शांतपणे जमण्यावर, गाऱ्हाणं मांडण्यावर बंदी घालायची नाही. वाचायला फार छान. पण १८३३ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं, की ही बंधनं केंद्र सरकारला आहेत, राज्यांना नाहीत. म्हणजे राज्याने तुमचं तोंड दाबलं तर सनद कपाटातच. दक्षिणेत तर माणसं विकली जात होती.

१८६१ ते १८६५ ची यादवी होऊन गुलामी संपली. मग तीन दुरुस्त्या आल्या. १८६५ ची गुलामी बंद करणारी. १८६८ ची सांगते, की कोणतंही राज्य कोणालाही कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही. १८७० ची सांगते, की वंशावरून किंवा रंगावरून मत नाकारायचं नाही. केंद्राचं लष्कर दक्षिणेत होतं तोवर मिसिसिपीत काळे पुरुष मत देत होते, दोन काळे सदस्य त्या राज्यातून केंद्राच्या वरिष्ठ सभागृहात गेले. १८७७ पर्यंत लष्कर निघून गेलं, आणि मग गोऱ्या जमीनदारांनी सगळं पुन्हा हातात घेतलं.

त्यांची हुशारी बघा. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना केली. त्यात ‘काळ्यांना मत नाही’ असं एक अक्षर नाही. तसं लिहिलं असतं तर १८७० च्या दुरुस्तीत अडकले असते. त्यांनी लिहिलं, की मतदाराने वर्षाला दोन डॉलर डोईपट्टी भरलेली असावी, आणि त्याला घटनेतलं कलम वाचता यावं, किंवा वाचून दाखवल्यावर समजावं. समजलं की नाही हे ठरवायचं कचेरीतल्या माणसाने. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याला हरकत नाही म्हटलं. कागदावर रंग नव्हता, टेबलामागे बसलेल्या माणसाच्या मनात होता. १९२० मध्ये अमेरिकेतल्या बायकांना मताचा हक्क देणारी दुरुस्ती झाली, पण फॅनीबाईंच्या आईला त्याचा काय उपयोग? मिसिसिपीने त्या दुरुस्तीला स्वतःची संमती दिली ती १९८४ मध्ये.

याचा अर्थ राज्यांना अधिकार देणं वाईटच, असं आम्ही म्हणत नाही. वायोमिंग या पश्चिमेकडच्या प्रदेशात बायकांना मत १८६९ मध्येच मिळालं होतं, देशाच्या पन्नास वर्षं आधी. छोटं घर पुढे जाऊ शकतं, तसंच ते दार लावूनही बसू शकतं. दार लावलेल्या घरातल्या माणसाने जायचं कुठं, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आता दोन शब्दांतला फरक सांगतो. नागरी स्वातंत्र्य म्हणजे सरकारने काय करू नये ते. नागरी हक्क म्हणजे सगळ्यांना सारखी वागणूक मिळावी म्हणून सरकारने काय करावं ते. पहिल्याचं एक उदाहरण आपल्या फार जवळचं आहे. शेजारच्या अलाबामा राज्याच्या सरकारने काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेला फर्मावलं, तुमच्या सभासदांची यादी आणून द्या. संघटनेने नकार दिला. यादी दिली असती तर एकेकीची नोकरी गेली असती. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की माणसांना एकत्र येण्याचं स्वातंत्र्य आहे आणि त्यासाठी सभासदांची नावं गुप्त राहण्याची गरज आहे, राज्याने ती मागू नयेत. तोवर सनदेतली बरीचशी बंधनं १८६८ च्या दुरुस्तीच्या आधारे न्यायालयाने राज्यांनाही लावली होती. रूलव्हिलच्या चर्चमधली सभा अशाच स्वातंत्र्यावर उभी होती. पण सभा भरवता येते म्हणून नाव यादीत लागत नाही, आणि सभेवरून घरी जाताना कोणी मारलं तर वाचवायला कोणी येतं असंही नाही.

फॅनीबाई डिसेंबरमध्ये पुन्हा कचेरीत गेल्या. अधिकाऱ्याला म्हणाल्या, पास होईपर्यंत मी दर तीस दिवसांनी येत राहणार, आता तुम्ही मला मळ्यावरून काढू शकत नाही, कारण मी मळ्यावर राहतच नाही. जानेवारी १९६३ मध्ये त्या पास झाल्या. मग मत द्यायला गेल्या, तर डोईपट्टीच्या मागच्या पावत्या दाखवा म्हणाले.

त्याच वर्षी ९ जूनला त्या दुसऱ्या राज्यातल्या एका प्रशिक्षणाहून बसने परत येत होत्या. विनोना गावात बस थांबली. सोबतच्या काहीजणी गोऱ्यांसाठी ठेवलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसल्या. बसस्थानकावर असा भेद करायचा नाही, हा केंद्राचा नियम १९६१ पासून लागू होता. पण गावातले पोलीस केंद्राचे नव्हते. सगळ्यांना पकडून तुरुंगात नेलं. तिथं पोलिसांनी काळ्या कैद्यांच्या हातात दंडुका देऊन फॅनीबाईंना मारायला लावलं. मूत्रपिंडाला झालेली इजा आणि डोळ्यातला अधूपणा जन्मभर राहिला.

या वेळी वरचं सरकार हललं. केंद्राने त्या पोलिसांवर खटला भरला. पण खटला चालला मिसिसिपीतच, पंचांसमोर. पंच निवडायचे मतदारांतून, आणि मतदारयादीत काळे जवळपास नाहीतच. सगळे पंच गोरे बसले आणि पोलीस निर्दोष सुटले. आम्हाला या सगळ्या इतिहासात ही गाठ सर्वांत महत्त्वाची वाटते. यादीत नाव नसलं की नुसतं एक मत जात नाही. पोलीस कोण नेमणार, न्यायाला कोण बसणार, हे सगळं त्याच यादीतून येतं.

१९६४ हे वर्ष धामधुमीचं गेलं. जानेवारीत चोविसावी दुरुस्ती झाली आणि देशाच्या निवडणुकीपुरती डोईपट्टी गेली. फॅनीबाई काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, उमेदवारीसाठी उभ्या राहिल्या. हरल्या, पण आयुष्यातलं पहिलं मत मी स्वतःलाच दिलं, असं त्या अभिमानाने सांगायच्या. जुलैमध्ये केंद्राचा नागरी हक्क कायदा आला. हॉटेलात, नोकरीत रंगावरून भेद बंद. केंद्राला हा अधिकार आला कुठून? राज्याराज्यांमधल्या व्यापारावर नियम करण्याचा अधिकार घटनेने केंद्राला दिला होता, तोच इथं कामी आला.

ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन अटलांटिक सिटीत होतं. मिसिसिपीतून आलेले प्रतिनिधी सगळे गोरे. फॅनीबाई आणि सोबत्यांनी स्वतःचा वेगळा पक्ष काढून स्वतःचे प्रतिनिधी नेले आणि म्हणाले, खरे प्रतिनिधी आम्ही. २२ ऑगस्टला त्यांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर इंडियानोलापासून विनोनापर्यंत सगळं सांगितलं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना हे नको होतं. त्यांनी घाईघाईने पत्रकारांना बोलावलं आणि कॅमेरे तिकडे वळले. पण रात्रीच्या बातम्यांत फॅनीबाईंचं बोलणं पुन्हा दाखवलं गेलं, आणि त्या वेळी जास्त घरांत टीव्ही सुरू होते. तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या. मोठमोठे पुढारी म्हणत होते, घ्या. फॅनीबाईंनी नाही म्हटलं. दोन जागांसाठी आम्ही एवढ्या लांब आलो नाही, हे त्यांचं म्हणणं. आमच्या मते त्यांचं बरोबर होतं, पण यावर आपापसात वाद घालायला हरकत नाही.

पुढच्या वर्षी सेल्मा गावात मोर्चावर लाठ्या चालल्या, देश हादरला, आणि ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायदा झाला. जिथं परीक्षा घेऊन लोकांना गाळलं जात होतं तिथं परीक्षा बंद. गरज पडेल तिथं केंद्राचा माणूस येऊन नावं नोंदवणार. आणि अशा राज्यांनी मतदानाचा कोणताही नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची. कायद्याआधी मिसिसिपीत शंभरातल्या जेमतेम सात काळ्या प्रौढांचं नाव यादीत होतं, १९६७ पर्यंत ते साठाच्या घरात गेलं. माणसं तीच, अक्षरओळख तीच. फक्त टेबलामागचा माणूस बदलला.

आपल्याकडे असं टेबल का नाही, हे इथंच सांगायला हवं. घटना लिहिली जात असताना आधीच्या मसुद्यात राज्यांच्या निवडणुकांसाठी वेगवेगळे आयोग होते. जून १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते बदलून सगळ्या देशासाठी एकच निवडणूक आयोग ठेवण्याची दुरुस्ती मांडली. कारण त्यांनी सरळ सांगितलं. काही प्रांतांत सत्तेवरच्या लोकांपेक्षा वेगळ्या वंशाच्या, भाषेच्या, संस्कृतीच्या माणसांची नावं यादीतून गाळली जात आहेत, अशा तक्रारी आल्या होत्या. बाबासाहेब अमेरिकेत शिकलेले होते, तिथल्या संघराज्याचा त्यांचा अभ्यास होता. धर्म, वंश, जात, लिंग यावरून कोणाचंही नाव गाळायचं नाही, हे आपल्या घटनेत कलम ३२५ मध्ये आहे. परीक्षा नाही, डोईपट्टी नाही. तरीही पहिल्या निवडणुकीच्या वेळी जवळपास २८ लाख बायकांची नावं गळाली, कारण त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. इंडियानोलात फॅनीबाईंनी अर्जावर आधी आपलं नाव लिहिलं होतं, ते इथं आठवतं.

अमेरिकेतली ओढाताण संपलेली नाही. २०१३ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की कोणत्या राज्यांनी आधी परवानगी घ्यायची हे ठरवणारं सूत्र जुनं झालं. ते सूत्र गेलं तसा परवानगीचा नियमही लोंबकळत राहिला. टेक्सास राज्याने त्याच दिवशी जाहीर केलं, की मतदानासाठी फोटोचं ओळखपत्र सक्तीचं करणारा आमचा कायदा आता लागू.

पण फॅनीबाईंकडे परत येऊ. कायदा झाला त्या उन्हाळ्यात सनफ्लॉवर काउंटीत गावांच्या निवडणुका उरकून घेतल्या होत्या, काळ्यांना नावं नोंदवायला वेळ मिळण्याआधीच. फॅनीबाई केंद्राच्या न्यायालयात गेल्या. १९६६ मध्ये वरच्या न्यायालयाने त्या निवडणुका रद्द करून पुन्हा घ्यायला लावल्या. खटल्याचं नाव ‘हेमर विरुद्ध कॅम्पबेल’. कॅम्पबेल म्हणजे इंडियानोलाच्या कचेरीतला तोच नोंदणी अधिकारी. १९६७ च्या त्या नव्या निवडणुकीत काळे उमेदवार हरले. मत मिळालं तरी घर मालकाचं, काम मालकाचं, उधारी मालकाची.

म्हणून फॅनीबाई जमिनीकडे वळल्या. १९६९ मध्ये देणग्या जमवून त्यांनी चाळीस एकर घेतलं आणि सहकारी शेती सुरू केली. त्याआधीपासून त्यांची डुकरांची बँक चालू होती. एका घराला एक मादी द्यायची, ती व्याली की दोन पिलं बँकेत परत करायची, ती पुढच्या घरी जायची. आपल्याकडे शेळी अर्धलीने देतात तशातलंच, फक्त इथं मालक कोणी एक नव्हता. शेतात कापूसही होता, पण आधी खाण्यापुरती भाजी, कारण पोटाला असलं तर मालकाच्या धमकीला भ्यायचं कारण नाही, असा त्यांचा हिशेब होता. पूर, वादळं आणि कर्जाचे हप्ते यांनी १९७० च्या दशकात ती शेती मोडली. फॅनीबाई १४ मार्च १९७७ रोजी वारल्या. सहकारी शेतीची वर्गणी महिन्याला एक डॉलर होती. तीही बहुतेक घरांना झेपायची नाही, पण भाजी त्यांनाही मिळत होती.